मी काढलेला पूल

नकाशे काढणाऱ्या माणसाला लोक हमखास एक प्रश्न विचारतात. "तुम्ही या सगळ्या ठिकाणी जाऊन आलात का हो?" एकतीस वर्षं मी या प्रश्नाला हसून बगल दिली. खरं सांगायचं तर, ज्या तालुक्याचे मी सगळ्यात जास्त नकाशे काढले तिथे नोकरीच्या शेवटच्या वर्षापर्यंत मी एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. डोंबिवलीतलं घर, माजिवड्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा गाळा आणि परत घर, एवढाच माझा स्वतःचा भूगोल होता.

आमचा खासगी छापखाना होता. शाळेच्या भिंतीवर टांगायचे नकाशे आणि त्यांच्या जोडीला प्रत्येक तालुक्याची 'भूगोल व इतिहास' अशी पातळशी पुस्तिका आम्ही काढायचो. हे नकाशे शाळांत, ग्रामपंचायतींत आणि सरकारी कचेऱ्यांत लागायचे. आयटीआयचा कोर्स करून मी तिथे आरेखक म्हणून लागले. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, वर सर्वेक्षणाचे जुने कागद आणि त्यावर पारदर्शक फिल्म. आधी नद्या काढायच्या, मग डोंगर, मग रस्ते, मग गावांचे ठिपके. नावं सगळ्यात शेवटी, कारण नावंच सगळ्यात जास्त छळतात. नाव नदीवर बसता कामा नये, रस्त्याला छेदता कामा नये आणि शेजारच्या गावाचं वाटता कामा नये. सह्याद्रीचा कडा काढायला मला तीन दिवस लागायचे, पण असा काढायचे की बघणाऱ्याला वरून खाली वाकल्यासारखं वाटावं. पुढे कॉम्प्युटर आले, पेनं गेली. तरी "वैद्य बाईंची रेघ" हा शब्दप्रयोग आमच्याकडे टिकला. रेघ सफाईदार, कुठे तुटलेली नाही, कुठे जाडबारीक नाही. मला त्याचा फार अभिमान होता.

गिऱ्हाइकंही एकेक यायची. एकदा एक सरपंच आले. त्यांची तक्रार अशी, की त्यांच्या गावाचा ठिपका शेजारच्या गावापेक्षा लहान का.

"ठिपका लोकसंख्येवरून ठरतो," मी म्हटलं.

"लोकं मोजू नका ओ बाई. आमच्याकडं बाजार भरतो. त्यांच्याकडं काय भरतं? नुसती शाळा भरते, ती पण अर्धी!"

ठिपका मोठा करता येईना, म्हणून मी त्यांच्या गावाच्या नावाची अक्षरं किंचित ठळक केली. पुढच्या आठवड्यात ते वासाच्या तांदळाचं एक छोटं पोतं ठेवून गेले आणि मी ते घरी नेलं. तेव्हा त्यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसलं नव्हतं. नकाशातल्या एखाद्या अक्षराने कुणाचं काय बिघडतं, असंच मी समजत होते.

पुस्तिकेतला मजकूर लिहिणारे मास्तर आजारी पडले तेव्हापासून तेही काम माझ्याकडे आलं. मी जुन्या पुस्तिका समोर ठेवून लिहायचे. मी ज्याचे सगळ्यात जास्त नकाशे काढले त्या तालुक्याच्या इतिहासात किल्ल्याला दीड पान होतं, घाटवाटेने कल्याणच्या बंदराकडे येणाऱ्या बैलांच्या तांड्यांना एक पान आणि धरणाला अर्धं. शेवटी दोन वाक्यं असायची: 'तालुक्यात आदिवासी बांधव मोठ्या संख्येने राहतात. ते कष्टाळू व प्रामाणिक आहेत.' ही दोन वाक्यं मी प्रत्येक आवृत्तीत जशीच्या तशी उतरवली. त्या बांधवांपैकी एकाशीही मी कधी बोलले नव्हते.

तालुक्याचं नाव मी इथे लिहीत नाही आणि गावांची नावंही बदलली आहेत. दोष माझा आहे, बोट दुसऱ्या कुणाकडे जायला नको.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही त्या तालुक्याचा मोठा नकाशा नव्याने करत होतो. हा तालुका सर्वेक्षणाच्या दोन कागदांवर विभागून येतो, ते दोन्ही शेजारी लावून जुळवावे लागतात. डाव्या कागदावर शेलवळी गावातून निघालेला रस्ता नदीपर्यंत येऊन थांबला होता. उजव्या कागदावर नदीच्या पलीकडून एक वाट निघून कुंडाच्या वाडीला जात होती. मध्ये चार मिलिमीटरची मोकळी जागा होती.

मालकांना मी विचारलं. ते, म्हणजे फाटकसाहेब, कागदाच्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलत होते.

"साहेब, शेलवळीच्या पुढे नदीवर पूल आहे का?"

"असेलच की. रस्ता काय उडी मारून जातो?"

ते हसले, मीही हसले. माझ्या खणात त्या तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींचे फोन नंबर होते. एक फोन केला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. पण तुटलेली रेघ मला बघवत नव्हती. बघणाऱ्याला वाटलं असतं, वैद्य बाईंचा हात चुकला. मी रेघ जोडली. आणि रस्त्याने नदी ओलांडली की पुलाची खूण घालायची हा नियम, म्हणून रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक कंस घातले. काम झालं. नकाशा सुंदर दिसत होता.

त्यानंतर मी ते सगळं विसरूनही गेले.

माझ्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं तेव्हा एका दुपारी घरोघरी पार्सल पोचवणारा एक तरुण गाळ्यात आला. तिशीचा असेल. अंगात कंपनीचा टी-शर्ट, पाठीवर मोठी चौकोनी बॅग. आम्हाला वाटलं काहीतरी द्यायला आलाय. त्याने बॅगेतून गुंडाळी केलेला नकाशा काढला आणि माझ्या टेबलावर पसरला.

"म्याडम, हा तुमच्याकडचाच ना?"

"हो."

"यातला हा पूल मला दाखवा. कुठाय तो? आम्ही शोधून दमलो."

त्याचं नाव सोमनाथ मेंगाळ. कुंडाच्या वाडीचा. कळव्यात दोघातिघांत खोली घेऊन राहायचा आणि दिवसभर घोडबंदर रोडवरच्या टॉवरांत पार्सलं पोचवायचा. वाडीतल्या लोकांनी पुलासाठी अर्ज केला होता. तो परत आला होता. त्याने मला शेरा दाखवला. 'नकाशात पूल दर्शविलेला असल्याने नवीन पुलाची आवश्यकता दिसून येत नाही.' सोबत आमच्या नकाशाची झेरॉक्स आणि माझ्या त्या दोन कंसांभोवती लाल पेनाने काढलेलं वर्तुळ.

"आम्ही परत अर्ज केला, परत तेच," तो म्हणाला. "पूल नाय म्हणून सांगितलं तर म्हणतात, वाहून गेला असेल, तसा अर्ज द्या. पण जो बांधलाच नाय तो वाहून कसा जाईल? तुम्ही फक्त एक लेटर द्या, की नकाशा चुकलाय. बाकी आम्ही बघतो."

मला ती दुपार स्वच्छ आठवली. चार मिलिमीटर, फोनवरचे साहेब, माझा हात. आणि मी त्याला म्हटलं, "आम्ही सरकारी कागदांवरून काढतो. चूक असेल तर ती मुळातलीच असेल."

माझा आवाज अगदी शांत होता. याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

फाटकसाहेब केबिनमधून बाहेर आले. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "अहो, आमचा नकाशा शाळेसाठी असतो. खाली बारीक अक्षरात लिहिलंय ना, सरकारी कामासाठी वापरू नये म्हणून? आम्ही लेटरहेडवर असं काही लिहून देत नाही."

सोमनाथने वाकून ती बारीक अक्षरं वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून माउस हलवत राहिले. जाताना त्याने एका चिठ्ठीवर नंबर लिहून माझ्या कीबोर्डखाली सरकवला. "तुम्हाला काय वाटलं तर सांगा, म्याडम."

कचेरीतल्या त्या माणसाने जागेवर जाऊन बघायला हवं होतं, हे खरंच. पण तोही माझ्यासारखाच टेबलाशी बसला होता. त्याला मी कुठल्या तोंडाने बोल लावू?

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी घरी "टिटवाळ्याला गणपतीला जाऊन येते" असं सांगून मी निघाले. कल्याणहून एसटी, पुढे शेलवळीपर्यंत सहा आसनी रिक्षा. शेलवळीचा डांबरी रस्ता नदीपाशी संपतो. एकदम, कात्रीने कापल्यासारखा. पुढे उतार आणि गुडघाभर पाणी. नदी माझ्या नकाशात होती तशीच वळत होती. वळण अगदी बरोबर होतं आणि क्षणभर, सांगायला लाज वाटते, मला त्याचा आनंद झाला.

पलीकडून एक म्हातारी येत होती. मला काठावर उभी बघून तिने विचारलं, "कुठं जायचं, बाय?"

"वाडीत."

"मग ये. हात धर माझा. दगड लय निसटे हायत."

तिने मला पार केलं. पाण्यात मी नकळत पावलं मोजत होते. पलीकडे पोचल्यावर पर्समधून डायरी काढली आणि नदीची रुंदी लिहून ठेवली. म्हातारी बघत होती. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"तू हापिसातली काय? पुलाचं बघाया आलीस?"

मी "नाही" म्हणणार होते. देवाशपथ म्हणणार होते. पण तोवर तिने वाडीच्या दिशेने हाक दिली होती, "अगो, पुलाच्या बाई आल्या!" आणि माणसं घरांतून बाहेर यायला लागली होती.

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. वाडीत बहुधा एकच खुर्ची होती. कुणी पाणी कुठवर चढतं ते झाडावरच्या खुणेवरून दाखवलं. पावसाळ्यात शाळेतली पोरं कशी महिना महिना घरीच बसतात, ते कुणी सांगितलं. म्हातारीने तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी वाढली. तिचं नाव तुळसाबाई. जेवताना ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "माझ्या सुनंला झोळीत घालून नेलं, बाय. दोन वर्सं झाली. बांबूला गोधडी बांधली, चौघांनी खांद्यावर घेतली. पानी एवढं, गळ्यापातूर. पलीकडं ॲम्बुलन्स हुभी. तिचा दिवा दिसं आमाला. उतारच मिळंना. पोर काठावरच झालं. रडलं न्हाय."

"तुमचा मुलगा कुठे असतो?" मी विचारलं.

"ठाण्याला. सोमनाथ."

त्याने गाळ्यात उभं राहून यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. नुसतं लेटर मागितलं होतं.

पहिला अर्ज कधी परत आला होता, ते मी त्याने दाखवलेल्या शेऱ्यावरची तारीख आठवून हिशेब करून बघितलं. झोळीच्या आदल्या वर्षी. तो मंजूर झाला असता तरी वर्षात पूल झाला असता असं नाही, हेही मी स्वतःला सांगून पाहिलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

निघताना सगळी वाडी नदीपर्यंत आली. एकाने विचारलं, "म्याडम, कधी होईल?"

"होईल," मी म्हटलं. "लवकर होईल."

खोटं बोलायचं म्हणून मी तिथे गेले नव्हते. कबूल करायचं म्हणून गेले होते आणि आणखी एक खोटं ठेवून आले. परतीच्या एसटीत मी ठरवलं, उद्याच लिहून द्यायचं.

उद्याच्या ऐवजी मी वर्षभर थांबले. हा या लेखातला सगळ्यात वाईट भाग आहे आणि तो लिहायचा म्हणून मी संपादकांकडून दोनदा मुदत मागून घेतली. मी थांबले, कारण शेवटच्या वर्षी साहेबांशी वाकडं नको होतं. निरोपसमारंभ व्हायचा होता. 'वैद्य बाईंची रेघ' या विषयावर सगळे बोलणार होते. ते बोलले. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. मधल्या काळात आणखी एक पावसाळा जाऊन आला होता. त्या पावसाळ्यात कुंडाच्या वाडीत काय झालं ते मी विचारलं नाही, पुढेही कधी विचारण्याचा धीर झाला नाही.

निवृत्तीनंतरच्या आठवड्यात मी साध्या कागदावर लिहिलं, की अमुक नकाशातला शेलवळी येथील पूल मी काढला. मूळ कागदांवर तो नव्हता. मी चौकशी केली नाही. तिथे पूल नाही व कधीही नव्हता. खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. नवऱ्याला वाचायला दिलं. वाचून कागदाची घडी घालत तो म्हणाला, "टिटवाळ्याला म्हणून गेली होतीस ते हेच का?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "पोस्टाने नको पाठवू. हातात दे."

सोमनाथला फोन केला. तो म्हणाला, "माजिवड्याला या, पुलाखाली. मला दोन ऑर्डरींच्या मध्ये दहा मिनिटं भेटतील." माजिवड्याला एकावर एक उड्डाणपूल आहेत. त्यांच्या खाली, गाड्यांच्या आवाजात, तो बाइकला टेकून उभा होता. मी कागद दिला. त्याने एकदा वाचला, मग परत पहिल्यापासून वाचला.

"म्हणजे तुम्हाला तेव्हा माहीत होतं? मी आलेलो तेव्हा?"

"हो."

"आणि वाडीत पण तुम्हीच आलेल्या? आई सारखी सांगते, हापिसातल्या बाई येऊन गेल्या, आता होणार. मी म्हटलं, कुठल्या बाई?"

"मीच."

त्याने हेल्मेट काढलं, परत घातलं. मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"सोमनाथ, मला माफ..."

"म्याडम, ते माफीचं नंतर बघू," तो मध्येच म्हणाला. "यावर तारीख घाला. तारीख नसली की परत पाठवतात." त्याने खिशातून पेन काढलं. बाइकच्या सीटवर कागद ठेवून मी तारीख घातली. तो कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी, टी-शर्टच्या आत ठेवला आणि निघून गेला.

पुढे ते पत्र अर्जाला जोडलं गेलं. मला कचेरीत जबाबासाठी बोलावलं, मी गेले. फाटकसाहेबांचा फोन आला, "बाई, एवढ्या वर्षांचं मीठ खाल्लंत आणि हे काय केलंत?" नकाशाची नवी आवृत्ती मात्र त्यांनी गुपचूप दुरुस्त केली, हे मला नंतर कळलं. गेल्या हिवाळ्यात जागेवर पाहणी ठरली. अधिकारी येणार होते आणि मीही हजर राहावं, असा निरोप होता.

सगळी वाडी नदी ओलांडून शेलवळीच्या काठावर जमली होती. अधिकारी तरुण होते, बोलायला बरे होते. त्यांनी नदी पाहिली, फोटो काढले आणि मग सहज विचारलं, "पण मग नकाशात पूल आला कुठून?"

कुणीतरी उत्तर देईल म्हणून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सोमनाथ जमिनीकडे बघत होता. त्याने वाडीत कुणालाच सांगितलं नव्हतं, असं माझ्या लक्षात आलं. मला झाकायचं म्हणून नव्हे. ते माझ्याच तोंडून यायला हवं, म्हणून.

"मी काढला," मी म्हटलं. "पूल आहे की नाही ते न विचारता काढला. मी पुलाचं काम बघणारी बाई नाही. त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोलले."

तुळसाबाई माझ्यासमोर चार हातांवर उभी होती. तिने शिवी दिली नाही, हात उगारला नाही. फक्त चार पावलं मागे सरकून बायकांच्या घोळक्यात गेली आणि पाठ करून उभी राहिली. मला ती परत कधीच समोरून दिसली नाही.

अधिकाऱ्यांनी पंचनामा लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला: 'सदर ठिकाणी कोणताही पूल अस्तित्वात नाही.' वाडीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे पूल नाही हे ऐकून माणसं टाळ्या वाजवताना मी पाहिली आहेत. पूल अजून झालेला नाही. यादीत नाव आलं आहे, माती तपासायला नेली आहे, असं सोमनाथ मध्ये फोनवर म्हणाला. यापेक्षा जास्त तो माझ्याशी बोलत नाही आणि मी विचारत नाही.

त्या दिवशी सह्या सुरू झाल्या. अंगठे, सह्या, माझीही सही. माझ्यानंतर एक तरुण बाई पुढे आली. तिने सावकाश, अक्षरं जोडत नाव लिहिलं. मधलं नाव सोमनाथ आणि शेवटचं अक्षर मेंगाळमधला ळ. तेव्हा मला कळलं, ही सोमनाथची बायको. पेन खाली ठेवून ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत राग नव्हता. तिला खरोखरच काहीतरी जाणून घ्यायचं होतं.

"बाई, ती रेघ काढायला तुमाला किती वेळ लागला?"

मी आठवून पाहिलं. खरं सांगायचं असं ठरवून आले होते.

"अर्धं मिनिट," मी म्हटलं. "तेवढंही नाही."

तिने मान हलवली. मग साडी गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि घरी जाण्यासाठी पाण्यात उतरली.